टेस्ट हिरवी आहे, पण ती तपासतेय काय?

सांजवेळ

नमस्कार मंडळी. गेले दोन आठवडे एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, ती इथे मांडते. थोडं लांबेल, पण तपशील दिल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमची टीम नऊ डेव्हलपर आणि दोन टेस्टरची. काम एका सबस्क्रिप्शन सेवेचं: लोक महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरतात, मुदत संपली की आपोआप रिन्यू होतं. बिल्डच्या पानावर कव्हरेज, म्हणजे आपोआप तपासणी करणाऱ्या टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या ते, ८२ टक्के दिसतं. तो आकडा दर महिन्याच्या अहवालात जातो आणि वरिष्ठ त्यावर खूश असतात. आम्हीही होतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तक्रारी यायला लागल्या. ३१ जानेवारीला सबस्क्रिप्शन घेतलेल्या सगळ्यांची खाती २८ फेब्रुवारीला बंद झाली आणि ३ मार्चला परत सुरू झाली. मधले दिवस सेवा नाही. कारण शोधायला अर्धा तास पुरला. पुढची तारीख काढताना कोड महिन्यात फक्त एक मिळवत होता. ३१ फेब्रुवारी अशी तारीखच नसल्यामुळे जास्तीचे तीन दिवस मार्चमध्ये सरकले. खातं बंद करणारा कोड मात्र वेगळ्या पद्धतीनं महिनाअखेर मोजत होता. मागे जाऊन लॉग पाहिले तर ३१ ऑगस्टच्या सबस्क्रिप्शनलाही हेच झालं होतं: खातं ३० सप्टेंबरच्या रात्री बंद, १ ऑक्टोबरला सुरू. काही तासांचाच फरक पडला, म्हणून कोणी बोललं नाही.

मला जे लागलं ते पुढचं. नेमक्या या प्रसंगाची टेस्ट आमच्याकडे होती. नाव, 'महिनाअखेरची तारीख नीट सांभाळते'. गेल्या जुलैपासून रोज हिरवी, म्हणजे पास.

टेस्ट उघडली तर वरवर काहीच वावगं दिसेना. तारीख काढणारं फंक्शन असिंक आहे, म्हणजे उत्तर लगेच न देता थोड्या वेळानं देणारं. ते आधी प्रॉमिस (उत्तर नंतर येईल असं वचन) देतं, आणि अपेक्षित तारखेशी तुलना करणारी असर्शनची ओळ त्याच्या 'देन'च्या आत, म्हणजे उत्तर आल्यावर चालणाऱ्या भागात, लिहिलेली. पण टेस्टनं ते प्रॉमिस रिटर्न केलं नव्हतं आणि उत्तराची वाट पाहायला सांगणारं 'अवेट'ही कुठे नव्हतं. त्यामुळे रनरनं (टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं) टेस्ट सुरू केली, काही एरर आली नाही हे बघितलं, पास म्हटलं आणि पुढे गेला. तुलना त्यानंतर झाली, ती फसलीही, पण तेव्हा ती टेस्ट रनरच्या लेखी संपलेली होती. खात्री करून घ्यायला मी अपेक्षित तारखेच्या जागी १ जानेवारी १९०० टाकलं. तरी हिरवी.

त्या क्षणापासून मला आमच्या एकाही टेस्टवर भरवसा वाटत नाहीये. तुमच्या टीममध्ये टेस्ट खरोखर काही तपासते आहे हे कसं बघता? रिव्ह्यूमध्ये टेस्टचा कोड कोणी मन लावून वाचतं का? आणि आमचे दोन्ही टेस्टर कामाला लागतात ते स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या ठरावीक टप्प्याच्या, शेवटच्या दोन दिवसांत. हे कुठेतरी मुळात चुकतंय असं वाटतं, पण बदलायचं कुठून ते कळत नाही.

बारकाईने

सांजवेळ, एवढं मोकळेपणानं लिहिलंत याबद्दल आधी आभार. मी सोळा वर्षं टेस्टिंगमध्ये आहे आणि तुम्ही सांगितलेला प्रकार तीन वेगवेगळ्या टीममध्ये पाहिलाय. भाषा वेगळी, रोग तोच.

माझा नियम एकच आहे आणि तो मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगते: जी टेस्ट तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी लाल झालेली पाहिली नाही, ती टेस्ट धरायची नाही. केंट बेक यांनी रुजवलेल्या टीडीडी (टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट) पद्धतीत आधी टेस्ट लिहा, ती नापास होताना पाहा, मगच कोड लिहा, असा क्रम आहे. लोकांना वाटतं की हा क्रम डिझाइन सुधारण्यासाठी आहे. तो फायदा होतोच, पण त्या लाल रंगानं टेस्टचीही परीक्षा होते. तुमची टेस्ट आधी लिहिली असती तर ती पहिल्याच रनला हिरवी आली असती, आणि कोडच लिहिलेला नसताना हिरवी कशी, म्हणून कोणीतरी थांबलं असतं.

टीडीडी करत नसाल तरी हरकत नाही. टेस्ट लिहून झाली की मूळ कोडची एक ओळ मुद्दाम बिघडवा. 'पेक्षा मोठं'चं 'पेक्षा लहान' करा, एक मिळवायच्या जागी वजा करा. टेस्ट लाल झाली पाहिजे. झाली की ओळ पूर्ववत करा. दोन मिनिटांचं काम आहे. हेच यंत्राकडून करवून घेण्याला म्यूटेशन टेस्टिंग म्हणतात आणि ती कल्पना १९७० च्या दशकातली आहे. आज जावासाठी पिटेस्ट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर अशी तयार साधनं मिळतात. सगळ्या कोडवर चालवायला फार वेळ लागतो. पैशांचा हिशोब, तारखा, परवानग्या एवढ्याच भागांवर चालवा, तेवढ्यानंही डोळे उघडतात.

तुमच्या शेवटच्या मुद्द्याबद्दल मला जास्त तळमळ आहे. टेस्टरला शेवटच्या दोन दिवसांत बोलावलं की तिच्या हातात फक्त वाईट बातमी देणं उरतं, आणि ती बातमी ऐकायला कोणाकडे वेळ नसतो. आम्ही गेली काही वर्षं स्टोरी (करायच्या कामाचा एक तुकडा) हातात घेण्याआधी तिघं बसतो: जिला ते हवंय ती प्रॉडक्ट ओनर, जो लिहिणार तो डेव्हलपर आणि मी. वीस मिनिटं. मी फक्त 'समजा' विचारत राहते. एकदा फाइल अपलोडची स्टोरी होती. समजा तीच फाइल दोनदा टाकली? समजा अपलोड अर्ध्यावर असताना लॉगिनची मुदत संपली? समजा शून्य बाइटची फाइल आली? दुसऱ्या प्रश्नावर डेव्हलपर गप्प झाला आणि म्हणाला, "मग हे मी लिहायला घेतलंय तसं चालणारच नाही." एक ओळ कोड लिहायच्या आधी तो बग सुटला. तो कुठल्याच अहवालात दिसणार नाही, पण माझ्या हातून झालेल्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी ते एक आहे.

पानगळ

वाचनखूण साठवली. ते १ जानेवारी १९०० वाचून आत्ताच आमच्या तीन टेस्टमध्ये तसंच करून पाहिलं. दोन लाल झाल्या, एक नाही. बसते शोधत.

घड्याळ

दोघींचंही पटतंय, पण दुसऱ्या बाजूनं बोलतो. मी टीम लीड आहे. माझ्याकडे वरून येणारा प्रश्न असा असतो: कव्हरेज किती, आणि रिलीज कधी. आमच्याकडे ८० टक्क्यांच्या खाली गेलं तर मर्जच होत नाही, म्हणजे नवा कोड मुख्य कोडमध्ये जातच नाही. हा नियम मीच लावला होता आणि चांगल्या हेतूनं लावला होता, कारण त्याआधी टेस्ट लिहिल्याच जात नव्हत्या.

पहिले सहा महिने फायदा झाला. नंतर काय झालं ते मला उशिरा कळलं. शुक्रवारी संध्याकाळी ७९.४ वर अडकलेला माणूस कठीण भागाची टेस्ट लिहीत नाही. तो सगळ्यात सोप्या फंक्शनला हाक मारणाऱ्या चार ओळी लिहितो आणि घरी जातो. त्याला दोष देऊन काय उपयोग? ती वाट मी करून दिली होती. कव्हरेज एवढंच सांगतं की ही ओळ चालली. उत्तर बरोबर आलं का, हे ते सांगत नाही आणि सांगूही शकत नाही.

माझी अडचण वेळेची आहे. तिघांची बैठक, ओळ बिघडवून बघणं, म्यूटेशन टेस्टिंग, सगळं पटतं. पण स्प्रिंट दोन आठवड्यांचाच राहतो आणि स्टोरीही तेवढ्याच राहतात. हा वेळ तुम्ही कुठून काढलात ते प्रामाणिकपणे कोणी सांगाल का?

बारकाईने

घड्याळ, प्रामाणिक उत्तर: सुरुवातीला कुठूनच निघत नाही. आम्ही एक महिनाभर नोंद ठेवली की 'झालं' म्हणून बंद केलेल्या स्टोरीवर परत किती तास गेले. हॉटफिक्स, ग्राहकाचे फोन, लॉग चाळणं, दुसऱ्याचा कोड समजून घेणं, सगळं त्यात धरलं. ती वही लीडसमोर ठेवली आणि पुढच्या स्प्रिंटमधून एक स्टोरी कमी करून मागितली. मिळाली. तुम्हीच लीड आहात, तेव्हा वही तुम्ही ठेवा आणि वर दाखवा. तुमच्या टीमचे तास तुमच्या वरिष्ठांना जेवढे पटतील तेवढी इतरांची उदाहरणं पटणार नाहीत.

तारायंत्र

मी एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या क्षेत्रात नव्या लोकांना एक प्रकरण हमखास शिकवतात. इथे ते चपखल बसतं म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ हे नवं रॉकेट पहिल्याच उड्डाणात, इंजिन पेटल्यापासून चाळीसएक सेकंदांत फुटलं. रॉकेटची दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेचा कोड एरियान ४ मधून जसाच्या तसा घेतला होता. तो वर्षानुवर्षं नीट चाललेला, तपासलेला कोड. त्यात एका ठिकाणी आडव्या वेगाशी निगडित एक संख्या ६४ बिटच्या फ्लोटमधून १६ बिटच्या पूर्णांकात बदलली जायची. १६ बिटमध्ये जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. एरियान ४ च्या मार्गावर ती संख्या कधीच तेवढी व्हायची नाही. एरियान ५ सुरुवातीलाच जास्त वेगानं आडवं झेपावणारं रॉकेट. संख्या मावली नाही, एक्सेप्शन उठलं, यंत्रणा बंद पडली. पर्यायी यंत्रणा होती, पण तिच्यातही तोच कोड. ती त्याच कारणानं क्षणभर आधीच बंद पडलेली होती. त्यानंतर मुख्य संगणकाकडे जे आलं ती निदानाची माहिती होती. त्यानं ती उड्डाणाची माहिती समजून नोझल पूर्ण वळवले.

चौकशी अहवालातल्या दोन गोष्टी माझ्या मनात घर करून आहेत. पहिली, धोका असलेल्या सात संख्या विचारात घेतल्या गेल्या होत्या. त्यांपैकी चारांना संरक्षण दिलं आणि तीन तशाच ठेवल्या, कारण प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. म्हणजे हा निष्काळजीपणा नव्हता. विचार करून घेतलेला निर्णय होता, फक्त तो जुन्या रॉकेटसाठी बरोबर होता. दुसरी, जो भाग फसला त्याची एरियान ५ मध्ये उड्डाणानंतर गरजच नव्हती. जुन्या रॉकेटमध्ये उलटी गणना ऐन वेळी थांबली तर लवकर परत सुरू करता यावी म्हणून तो थोडा वेळ चालू ठेवायचे. ती सोय नव्या रॉकेटमध्येही तशीच राहिली.

आता सांजवेळ यांच्या प्रश्नाकडे येतो. नव्या रॉकेटच्या खऱ्या मार्गाची आकडेवारी देऊन ही यंत्रणा जमिनीवर चालवून पाहिलीच गेली नव्हती. ती चाचणी करणं शक्य होतं आणि त्यात दोष सापडला असता, असं अहवाल म्हणतो. टेस्ट कुठल्या गृहीतकावर उभी आहे हे कोणी लिहून ठेवत नाही, आणि परिस्थिती बदलली की ते गृहीतक मुकाट्यानं खोटं होतं. आम्ही आता प्रत्येक टेस्टच्या वर एक ओळ लिहितो: 'हे अमुक खरं असेल तोवरच लागू.' कोड दुसऱ्या प्रॉडक्टमध्ये नेताना आधी त्या ओळी वाचायच्या, मग बाकीचं.

पानगळ

यावरून क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीचं आठवलं. १९ जुलै २०२४ ला जगभरची विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली होती ते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशीन. क्राउडस्ट्राइकनं नंतर मूळ कारणाचा अहवाल जाहीर केला, तो आमच्या टीमनं एकत्र बसून वाचला.

त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या एका तपासणीच्या व्याख्येत २१ इनपुट होते, पण मशीनवरचा कोड २० च देत होता. हे महिनोन्महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण टेस्टमध्ये २१ व्या जागी 'काहीही चालेल' असं वाइल्डकार्ड होतं. काहीही चालेल म्हटल्यावर तिथे काही आहे का हे बघायची वेळच येत नाही. त्या दिवशीच्या अपडेटमध्ये पहिल्यांदा २१ व्या जागी ठरावीक किंमत आली. कोडनं तिथे वाचायला हात घातला, तिथे काही नव्हतं, आणि मशीन कोसळलं. शिवाय असे अपडेट टप्प्याटप्प्यानं न जाता सगळीकडे एकदम जायचे. अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतला, पण तोवर जे बंद पडायचं ते पडलं होतं.

आमच्या कोडमध्ये मॉकला (टेस्टमध्ये खऱ्या भागाऐवजी वापरायच्या नकली भागाला) 'काहीही दिलं तरी चालेल' असं सांगणाऱ्या किती टेस्ट आहेत ते त्याच दिवशी मोजलं. आकडा लिहीत नाही, पण बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

नवा_कोंब

मी या क्षेत्रात नवीन आहे. नोकरीला आठ महिने झाले. मला मिळालेल्या मॉड्यूलला एकही टेस्ट नाही. आधीचे सगळे लोक सोडून गेलेत. एक फंक्शन सहाशे ओळींचं आहे. मी टेस्ट लिहायला बसतो, पण बरोबर उत्तर काय असायला हवं हेच कुणाला माहीत नाही. अशा वेळी सुरुवात कुठून करायची? प्रश्न फार प्राथमिक असेल तर क्षमस्व.

वाडा_चिरेबंदी_कोड

प्रश्न अजिबात प्राथमिक नाही, यात भलेभले अडकतात. माझं सगळं आयुष्य जुन्या कोडमध्ये गेलंय, म्हणून लिहितो.

'बरोबर काय' हा प्रश्न आत्ता बाजूला ठेव. सध्या 'काय होतंय' एवढंच पकड. मायकेल फेदर्स यांनी अशा टेस्टना कॅरेक्टरायझेशन टेस्ट असं नाव दिलंय. प्रॉडक्शनमधून (ग्राहक वापरतात त्या चालू यंत्रणेतून) खऱ्या नोंदी घे, त्यांतली लोकांची नावं आणि ओळख पुसून टाक. मग साठ-सत्तर नोंदी त्या सहाशे ओळींतून जाऊ दे. जे बाहेर येईल ते फाइलमध्ये जसंच्या तसं साठव. तीच तुझी अपेक्षा. आता कोडला हात लाव. उत्तर बदललं तर टेस्ट लाल होईल आणि तुला कळेल की तू काहीतरी बदललंस. ते चांगलं की वाईट, हे नंतर ठरव.

मी असंच केलं तेव्हा एक गंमतीची नव्हे, घाबरवणारी गोष्ट सापडली. संख्या उणे दिली की फंक्शन शून्य परत द्यायचं. मला वाटलं हा बग आहे. दुरुस्त करणारच होतो, तेवढ्यात शेजारच्या टीममधल्या एका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "परत आलेल्या मालाच्या नोंदी आम्ही उणे पाठवतो आणि तुमच्याकडून शून्य येईल हे धरूनच पुढचा हिशोब करतो." पाच वर्षं त्यांचं काम त्या 'बग'वर उभं होतं. म्हणून आधी पकडायचं, मग विचारायचं, मग बदलायचं.

आणि सहाशे ओळी एकदम अंगावर घेऊ नकोस. गिटच्या इतिहासात (कोडमधल्या बदलांच्या नोंदीत) बघ, गेल्या वर्षभरात कुठल्या फाइल सगळ्यात जास्त वेळा बदलल्या आणि बगच्या दुरुस्त्या कुठे झाल्या. दोन्ही याद्यांत जी फाइल येईल तिथून सुरू कर. जो कोड चार वर्षं कुणी हलवलेला नाही तो पडू दे शांत. नवा बग आला की आधी तो दाखवणारी लाल टेस्ट लिही, मगच दुरुस्ती. वर्षभरात जिथे दुखतं नेमक्या तिथेच टेस्ट जमा होतात.

नवा_कोंब

खूप खूप आभार काका. प्रॉडक्शनच्या नोंदी घ्यायला परवानगी लागेल, ती उद्याच मागतो.

रात्रपाळी

चर्चा छान चाललीये. फ्लेकी टेस्टचा विषय अजून आला नाही म्हणून लिहितेय. तपासत नसलेली टेस्ट जितकी घातक, तितकीच मन मानेल तशी लाल होणारी.

आमच्याकडे पाइपलाइन (सगळ्या टेस्ट आपोआप चालवणारी साखळी) लाल झाली की पहिला उद्गार "परत चालव". दुसऱ्यांदा हिरवी आली की मर्ज. हळूहळू लाल रंगाचा अर्थच बदलला. 'काहीतरी बिघडलंय' ऐवजी 'थोडं थांब' असा झाला. आणि एके दिवशी खरंच बिघडलं होतं, तेव्हा तीन जणांनी तीनदा परत चालवलं आणि चौथ्यांदा योगायोगानं हिरवं आलं. ते प्रॉडक्शनला गेलं.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. गूगलनं २०१६ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा आहे. म्हणजे शिस्त लावली की हे संपेल अशातला भाग नाही, सतत निगा राखावी लागते.

आमची एक टेस्ट फक्त रात्रीच नापास व्हायची. मी उशिरापर्यंत काम करते म्हणून ती माझ्याच वाट्याला यायची आणि सकाळी कुणी विश्वास ठेवायचं नाही. शेवटी कळलं की टेस्टमध्ये 'आज' स्थानिक वेळेनुसार काढला होता आणि कोड यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) वापरत होता. दिवसातले काही तास या दोघांचा 'आज' वेगळा असायचा. आता आमच्या कोडमध्ये कुणीही थेट घड्याळ बघत नाही. वेळ बाहेरून दिली जाते, टेस्टमध्ये आपण हवी ती देतो. सांजवेळ, तुमच्या ३१ तारखांनाही हे उपयोगी पडेल.

फ्लेकी टेस्ट सापडली की आम्ही ती मुख्य पाइपलाइनमधून काढून वेगळ्या यादीत टाकतो. यादीत टेस्टपुढे एका माणसाचं नाव आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख. तोवर दुरुस्त झाली नाही तर डिलीट. पहिल्यांदा डिलीट करताना पोटात गोळा आला होता, पण भरवसा नसलेली टेस्ट ठेवली तर ती बाकीच्यांवरचा भरवसाही घालवते. बहुतेकींची कारणं तीच ती निघाली: दोन सेकंद थांबा म्हणणारी स्लीप, एकमेकींचा डेटा वापरणाऱ्या टेस्ट, ठरावीक क्रमानंच चालतील हे गृहीत धरलेलं.

घड्याळ

सांजवेळ, एक विचारायचं राहिलं. ती टेस्ट लिहिणाऱ्याशी बोललात का? त्यानं अशा आणखी लिहिल्या असतील.

सांजवेळ

घड्याळ, ती मीच लिहिली होती. रिव्ह्यू आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी सहकाऱ्यानं केला होता. दोघांनीही हिरवा रंग पाहिला आणि दोघांचं समाधान झालं. टीमसमोर मी हे पहिल्याच मिनिटाला सांगितलं, आणि त्यानंतर बाकीचे आपापल्या टेस्ट स्वतःहून दाखवू लागले. नाव शोधत बसलो असतो तर प्रत्येकानं आपली फाइल झाकली असती असं मला वाटतं.

सांजवेळ (तीन आठवड्यांनी)

काय काय केलं ते सांगायला परत आले.

रनरमध्ये नियम लावला: ज्या टेस्टमध्ये एकही असर्शन प्रत्यक्ष चाललं नाही ती नापास. सोबत लिंटरचा (कोड न चालवता चुका दाखवणाऱ्या साधनाचा) नियम चालू केला की प्रॉमिस हवेत सोडायचं नाही. पहिल्या रनला त्रेसष्ट टेस्ट लाल झाल्या. सगळ्या बारा दिवसांत हातानं दुरुस्त केल्या. बहुतेक ठिकाणी कोड बरोबर होता, टेस्ट मुकी होती. नऊ ठिकाणी कोडच चुकला होता. त्यांतल्या एकात रद्द केलेलं खातं परत रिन्यू होऊ शकत होतं.

आणि हे सगळं झाल्यावर कव्हरेज किती? आधी ८२, नंतरही ८२. दशांशातही फरक नाही. अर्थात का असणार, त्या ओळी आधीही चालतच होत्या. घड्याळ यांनी लिहिलेलं वाक्य मी ते दोन आकडे शेजारी ठेवून वरिष्ठांना वाचून दाखवलं. महिन्याच्या अहवालातून कव्हरेज निघालं. त्याजागी किती बग आमच्याआधी ग्राहकाला सापडले आणि दुरुस्त व्हायला किती वेळ गेला, हे आलं. पहिल्या महिन्याचा आकडा चांगला दिसणार नाहीये, आणि तो तसाच जाणार आहे.

रिव्ह्यू करणारा आता ब्रँच आपल्या मशीनवर घेतो, एक ओळ बिघडवतो, आणि कुठली ओळ बिघडवली व कुठली टेस्ट लाल झाली ते पुल रिक्वेस्टवर (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीवर) लिहितो. सुरुवातीला कुरकुर झाली. परवा एका ज्युनिअरनं आमच्या अनुभवी सहकाऱ्याच्या कोडवर लिहिलं, "ही अट पूर्ण उलटी केली, काहीच लाल झालं नाही." त्यांनी लगेच टेस्ट लिहिली आणि तिचे आभार मानले. त्यानंतर कुरकुर थांबली.

बारकाईने

त्रेसष्ट! तुमच्या टीमला माझा नमस्कार सांगा. आणि टेस्टरांचं काय झालं? अजून शेवटचे दोन दिवसच?

सांजवेळ

नाही. तिघांची बैठक सुरू केली, आणि पहिली बैठक त्या ३१ तारखेवरच घेतली. आमच्या टेस्टरनं विचारलं, "३१ जानेवारीनंतर २८ फेब्रुवारी हे ठीक. त्यापुढची कुठली, २८ मार्च की ३१ मार्च?" प्रॉडक्ट ओनर म्हणाली ३१. मी कोड लिहिताना २८ धरलं होतं. हे कधी ठरलंच नव्हतं आणि आमच्यापैकी कुणालाच ते ठरलेलं नाही हे माहीत नव्हतं. म्हणजे माझी टेस्ट नीट चालली असती तरी ती माझा अंदाजच तपासत बसली असती.

आता ठरलंय: मूळ तारीख जपायची. ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल. टेस्ट आधी लिहिली, लाल झालेली तिघांनी मिळून पाहिली, मग कोड बदलला. २९ फेब्रुवारीला वर्षाचं सबस्क्रिप्शन घेणाऱ्यांचा प्रश्न तिनंच शेवटी काढला, तो उद्याच्या बैठकीत आहे.